आरंभशूरांचा इतिहास

मराठीत 'आरंभशूर' असा एक शब्द आहे. काम सुरू करण्यात पटाईत आणि तडीस नेण्यात कच्चा, असा त्याचा अर्थ. शाळेत, घरात, लग्नकार्यात हा शब्द सर्रास वापरला जातो. वजन कमी करायला निघालेल्या आणि मध्येच थांबलेल्या माणसाच्या कपाळावर तर त्याचा शिक्का हमखास बसतो. "नव्याचे नऊ दिवस झाले वाटतं!" हे वाक्य कोणीतरी म्हणतेच, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याच्या हातात भज्यांची बशी असते.

हे आठवायचे कारण म्हणजे आमची एक भाची. तिने वर्षभर खपून बारा किलो वजन उतरवले. मग पाय मोडला. दोन महिने अंथरुणात गेले, घरच्यांचे प्रेम शिरा आणि डिंकाच्या लाडवांच्या रूपाने ओसंडत राहिले, आणि बारातले नऊ किलो परत आले. येरे माझ्या मागल्या! आता पुन्हा सुरुवात करायची तर कोणता आहार निवडावा, या विचारात ती आहे. दोन वेळा जेवण्याचा, दर दोन तासांनी खाण्याचा, भात-पोळी बंद करण्याचा, तेल-तूप बंद करण्याचा, असे चार कागद तिच्यासमोर आहेत. पण खरी अडचण कागदांची नाही. पुन्हा सुरू करायची तिला लाज वाटते आहे.

मी आहारतज्ज्ञ नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहिले, आणि मौज अशी की या क्षेत्रातली नामांकित माणसे जवळजवळ सगळीच 'आरंभशूर' निघाली. अनेकदा सुरुवात करून अनेकदा हरलेली, आणि मग एकदा जमलेली.

यातला मूळपुरुष म्हणजे लंडनचा विल्यम बँटिंग. हा काही डॉक्टर नव्हता. त्याच्या घराण्याचा धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली, तिची व्यवस्था या घराण्याकडे होती. पैसा होता, प्रतिष्ठा होती, आणि वजनही होते. १८६२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंग साधारण पासष्ट वर्षांचा होता, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वाकून बुटाचे बंद बांधता येत नसत. गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून जिना तो उलटा, मागे पाऊल टाकत उतरत असे.

त्याने प्रयत्न केले नव्हते असे नाही. तरुणपणापासून तो वजनाच्या मागे लागला होता. एका वैद्याने व्यायाम सांगितला, म्हणून रोज सकाळी दोन तास होडी वल्हवली. अंगात ताकद आली, पण भूकही अशी खवळली की वजन उतरायच्या ऐवजी वाढले. समुद्रस्नान झाले, घोडेस्वारी झाली, निरनिराळ्या ठिकाणच्या औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने थोडीथोडकी नव्हे, नव्वद घेतली, आणि उतरले सहा पौंड! वजन उतरवण्यासाठी वीस वर्षांत वीसेक वेळा तरी आपण वैद्यांच्या स्वाधीन झालो असू, असा हिशेब त्याने स्वतःच दिला आहे.

या सगळ्यात एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. एकदा कोणीतरी त्याला अगदी हलके आणि बेताचे खायला सांगितले. त्याने पोटाला चिमटा घेतला. वजन हलले नाही, पण अशक्तपणा आला, अंगावर गळवे उठली आणि दोन मोठ्या गळवांवर शस्त्रक्रिया करावी लागली. मग आजारी माणसाला शक्ती यावी म्हणून जे खाऊ घातले गेले, त्याने तो आधीपेक्षा जाड झाला. तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे आले! आमच्या भाचीच्या डिंकाच्या लाडवांचीच ही लंडनमधली आवृत्ती नव्हे काय?

पुढे त्याला ऐकू कमी येऊ लागले. ज्या नामवंत कर्णतज्ज्ञाकडे तो जात होता ते सुट्टीवर गेले, म्हणून तो दुसऱ्या एका कर्णतज्ज्ञाकडे गेला. त्यांचे नाव विल्यम हार्वे. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे वेगळे, ते दोनशे वर्षे आधीचे.) या हार्वेंनी पॅरिसला जाऊन क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञाची यकृत आणि मधुमेह यांविषयीची व्याख्याने ऐकली होती. साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी केले तर चरबीही कमी होईल, असा विचार त्यांच्या डोक्यात होता. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हे सहा पदार्थ बंद करायला सांगितले.

बंद काय केले यापेक्षा चालू काय ठेवले ते पाहण्यासारखे आहे. सकाळी मांस किंवा मासळी, बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा आणि जरासा कोरडा टोस्ट. दुपारी पुन्हा मासळी किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, फळ आणि वर दोन-तीन पेले क्लॅरेट किंवा शेरी. संध्याकाळी फळ आणि चहा. रात्री थोडे मांस किंवा मासळी आणि पुन्हा पेलाभर क्लॅरेट. झोपताना गरज वाटल्यास एक ग्लास ग्रॉग! आपल्याला हा आहार वाचूनच भोवळ येईल, आणि मद्याच्या बाबतीत आजचा कोणताही डॉक्टर त्याला मान्यता देणार नाही. पण व्हिक्टोरियन काळातल्या सधन लंडनवासीयाच्या दृष्टीने पाहा. त्याच्या ताटातले बरेचसे ताटातच राहिले होते. तो दिवसातून चार वेळा खात होता, उपाशी नव्हता. मागच्या खेपेला पोटाला चिमटा घेऊन जे फसले होते, त्याच्या बरोबर उलटी ही वाट होती.

वजन कसे उतरले? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन पौंड. महिन्याभराने आणखी तीन-चार. सप्टेंबर १८६३ मध्ये वजन १५६ पौंड झाले, म्हणजे साधारण वर्षभरात ४६ पौंड, २१ किलोच्या आसपास. आठवड्याला सरासरी एक पौंडही नाही. जिना सरळ उतरता येऊ लागला, ऐकूही बरे येऊ लागले. आनंदाने त्याने एक पुस्तिका लिहिली, 'लेटर ऑन कॉर्पुलन्स', आणि ती सुरुवातीला फुकट वाटली. मागणी इतकी आली की १८६४ साली तिसरी आवृत्ती किंमत लावून काढावी लागली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्याची टर उडवली. दुकानदाराने वैद्यकात नाक खुपसू नये, असा एकंदर सूर होता. पण 'बँटिंग करणे' हा इंग्रजीत वाक्प्रचार झाला. स्वीडिश भाषेत तर वजन कमी करण्यासाठी पथ्य करणे याला आजही 'बांता' असेच क्रियापद आहे. बँटिंग ऐंशी ओलांडून १८७८ साली वारला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे भात-पोळी बंद करणे हाच खरा उपाय. तसे म्हणायच्या आधी शंभर वर्षे पुढे, न्यूयॉर्कला जाऊ.

१९६१ साली जीन निडेच नावाची एक गृहिणी तिथल्या क्वीन्स भागात राहत होती. नवरा बसचालक, दोन मुलगे, वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो. तिने गोळ्या घेऊन पाहिल्या होत्या, एकाहून एक आहार करून पाहिले होते. दर वेळी वजन उतरायचे आणि परत यायचे. एक दिवस दुकानात भेटलेल्या ओळखीच्या बाईने तिला कौतुकाने विचारले, "किती सुंदर दिसतेस! कितवा महिना?" त्यानंतर ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली.

तिथला आहार डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला होता, आणि त्यात पाव बंद नव्हता! रोज दोन तुकडे पाव खायचाच. साय काढलेले दूध, आठवड्यात पाच वेळा मासळी, एकदा कलेजी, भाज्या, फळे. एकही जेवण चुकवायचे नाही. गोड मात्र बंद. दहा आठवड्यांत वीस पौंड उतरले. तरीही जुनी सवय सुटेना. रात्री ती न्हाणीघरात धुण्याच्या टोपलीत लपवलेली चॉकलेटची बिस्किटे खात असे. दवाखान्यात हे सांगायची तिला लाज वाटे.

मग तिने सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावले आणि बिस्किटांची गोष्ट सांगून टाकली. पाहते तो काय, प्रत्येकीची स्वतःची एक लपवलेली बरणी होती! त्या दर आठवड्याला जमू लागल्या. ऑक्टोबर १९६२ पर्यंत तिचे वजन १४२ पौंडांवर आले, म्हणजे जवळपास ३३ किलो उतरले. १९६३ च्या मे महिन्यात तिने एका चित्रपटगृहाच्या वर जागा घेऊन पहिली जाहीर बैठक भरवली. पन्नास माणसे येतील असा अंदाज होता, चारशे आली. तीच पुढे जगभर पसरलेली 'वेट वॉचर्स' संस्था. निडेचबाई २०१५ साली, एक्याण्णव वर्षे जगून वारल्या, आणि वजन त्यांनी पुन्हा तसे वाढू दिले नाही.

बँटिंगने पाव सोडला, निडेचने पाव मोजून खाल्ला. दोघांचे आहार एकमेकांशी जुळत नाहीत. जुळते ते वेगळेच. दोघेही आधी अनेकदा हरले होते. दोघांनाही उपाशी राहावे लागले नाही. दोघांच्याही योजनेत नियम थोडे आणि स्पष्ट होते, रोज सकाळी उठून नव्याने डोके चालवावे लागत नव्हते. दोघांचीही गती मंद होती. आणि दोघांच्याही योजनेतले जिन्नस त्यांच्या नेहमीच्या बाजारातले, नेहमीच्या ताटातले होते.

मग वजन परत का येते? इच्छाशक्ती कमी पडते म्हणून, असे आपण समजतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे समजून घ्यायचे होते. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र न धरण्याचा निश्चय केलेली ही माणसे. म्हणजे इच्छाशक्तीला काही कमी नव्हती. १९४५ च्या फेब्रुवारीपासून सहा महिने त्यांना सुमारे निम्म्या अन्नावर ठेवले. वजन चतुर्थांशाने घटले. पण ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागली. भरपूर खायला मिळू लागल्यावर पोट भरले तरी भूक शमेना. शेवटी अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा चालत असे. २००९ सालच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचे शरीर स्वस्थ बसल्या बसल्या जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. म्हणजे शरीर दुष्काळ ओळखते, खर्चाला कात्री लावते आणि भूक वाढवते. हजारो वर्षे दुष्काळ सोसलेल्या माणसाच्या देहाची ती पुंजी आहे. आता निघालेल्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी वजन उतरते, पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा परत आलेल्या वजनाबद्दल माणसाला आरंभशूर म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला आळशी म्हणण्यासारखे आहे.

राहिला प्रश्न निवडीचा. २०१८ साली आपल्याकडे घरोघर दोन पक्ष पडले होते, आठवते ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ऋजुता दिवेकर म्हणत थोडे थोडे पण वारंवार खा, आणि आजीच्या स्वयंपाकाला विसरू नका. लग्नाच्या पंगतीत यावरून शब्दाला शब्द लागताना मी पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी वजन उतरलेली माणसेही पाहिली आहेत, आणि दोन्ही बाजूंनी कंटाळून सोडलेलीही.

अमेरिकेत २००५ साली अशीच चार प्रसिद्ध आहारांची तुलना झाली. १६० माणसे, प्रत्येक आहाराला चाळीस, मुदत एक वर्ष. चारही आहारांत सरासरी दोन ते साडेतीन किलोच उतरले. त्यातले जे दोन आहार फार कडक होते, त्यांतली जवळपास निम्मी माणसे वर्ष पुरे होण्याआधीच गळाली. वजन किती उतरले हे आहाराच्या नावावर ठरले नाही, तो किती पाळला गेला यावर ठरले. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर कमी चरबीचा आणि कमी पिष्टाचा असे दोन आहार वर्षभर करून पाहिले. उतरले अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो, म्हणजे सारखेच. पण प्रत्येक गटात काहींचे पंचवीस किलोपेक्षा जास्त उतरले आणि काहींचे चक्क वाढले! तेव्हा शेजारणीला लाभले म्हणून आपल्याला लाभेलच असे नाही.

आणि मला सर्वांत धीर देणारी नोंद ही. १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांचीच नावे त्यात घ्यायची. १९९७ साली तिच्यातल्या ७८४ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी आधीही वजन उतरवण्याचा प्रयत्न केला होता! म्हणजे यशस्वी झालेल्यांची यादी म्हणून जी केली, ती पुन्हा सुरुवात करणाऱ्यांचीच यादी निघाली. त्यांच्या वाटा वेगवेगळ्या होत्या, पण काही सवयी बहुतेकांत सारख्या दिसल्या. नियमित चालणे, सकाळचे खाणे न चुकवणे, आठवड्यातून एकदा तरी वजन करणे. आणखी एक गोष्ट पुढे दिसली. थोडे वजन परत येताच जे सावध झाले, त्यांना सावरणे सोपे गेले. फार वाढू दिल्यावर अवघड गेले.

या सगळ्यावरून योजना निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न मला असे दिसतात. ही योजना गणपतीत आणि दिवाळीत चालेल का? घरच्या स्वयंपाकात बसेल का, की आपल्यापुरते वेगळे पातेले चढवावे लागेल? जेवून उठल्यावर पोट भरलेले असेल का? मागच्या खेपेला नेमके कुठे अडले, आणि तिथे या योजनेत काही वेगळे आहे का? ज्याला रात्री नऊला कामावरून येऊन भूक लागते, त्याने संध्याकाळी सातनंतर न खाण्याची योजना निवडू नये. ज्याला ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी आणि ताक आवडते, त्याने ते सोडून परदेशी बियांच्या मागे लागण्याचे कारण नाही. भाकरी एक की दीड एवढेच ठरवावे. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा किंवा भात-पोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या, म्हणजे घरच्यांच्या वाट्याचा. निडेचबाईंना गोळ्यांनी जे दिले नाही ते सहा मैत्रिणींनी दिले. त्या बिस्किटांवरून तिला हसल्या नाहीत, आणि बिस्किटे पुढेही केल्या नाहीत. आपल्याकडे नेमके उलटे होते. एकीकडे "एवढ्याने काय होतंय, घे गं" म्हणून ताटात वाढायचे आणि दुसरीकडे चार माणसांत "कुठवर आलं तुझं वजन?" म्हणून विचारायचे. घरात कोणी पुन्हा सुरुवात करत असेल, तर दोन्ही बंद करू. येत्या संक्रांतीला सगळे आमच्याकडे जमतील तेव्हा तिळगूळ असेलच. ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला नको त्याच्याशीही गोडच बोलावे.